निशिकांतची कोरियन बाई आणि नीलिमाचे देव

निशिकांत गद्रे देव मानत नसे, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरूही देत नसे. सिंगापुरातल्या कुठल्याही मराठी घरी सत्यनारायण असला की तो वेळेवर जायचा, तीर्थाला नम्रपणे नकार द्यायचा आणि प्रसादाचा शिरा दोनदा मागून घ्यायचा. शिऱ्याशी त्याचं तात्त्विक भांडण नव्हतं. एका मोठ्या बँकेच्या जोखीम विभागात तो वरच्या जागेवर होता. धोका कुठून येतोय हे बाकीच्यांच्या आधी ओळखायचं, याचाच त्याला पगार मिळे. घरातला धोका ओळखायला कोणी पगार देत नसल्यामुळे असेल, तिकडे त्याचं फारसं लक्ष नसायचं.

तेवीस वर्षांपूर्वी त्याने नीलिमाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. भटजी नाही, अक्षता नाहीत, दोन सह्या आणि पेढे. पण नीलिमाच्या आईने लेकीच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांत, पितळेची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण हळूच ठेवून दिले होते. जावई कितीही सुधारक असला म्हणून मुलीला देवांवाचून सासरी कसं पाठवायचं? निशिकांतला ते दुसऱ्याच दिवशी दिसले. तो चिडला वगैरे नाही. तो उदारमतवादी होता. "असू देत," तो म्हणाला, "फक्त दर्शनी भागात नकोत."

तेव्हापासून देव स्वयंपाकघरातल्या कपाटात राहिले. पुण्यात राहिले, आणि अकरा वर्षांपूर्वी सिंगापूरला आल्यावर क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही राहिले. ओट्यावरच्या डावीकडच्या कपाटात खाली चहा-साखरेचे डबे आणि वरच्या फळीवर अन्नपूर्णा. नीलिमा नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. सकाळी निघायच्या आधी ती कपाटाचं दार उघडून दहा मिनिटं उभी असे. हिला चहाचा डबा पटकन सापडत नाही, अशी निशिकांतची बरीच वर्षं समजूत होती.

आता, म्हणजे २००६ साली, त्यांनी नोव्हेनाजवळ स्वतःचा कॉन्डो घेतला. आतलं लाकूडकाम व्हायचं होतं. एका रविवारी नीलिमा शेंगा मोडत बसली होती, आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, हॉलच्या पूर्वेच्या भिंतीशी मला तीन फूट जागा हवी आहे. देवांसाठी."

तेवीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिलीच जागा होती. पण पूर्वेची भिंत निशिकांतने पुस्तकांसाठी ठरवली होती, जमिनीपासून छतापर्यंत. तो तिला नाही म्हणाला नाही. त्याने तिला समजावून सांगितलं. घर आणि देऊळ यांतला फरक, श्रद्धा ही खासगी गोष्ट कशी, खासगी गोष्टीला कपाट कसं उलट जास्त योग्य, असं वीस मिनिटं सांगितलं. तेवढ्यात शेंगा संपल्या.

"मिस्टर टॅन सोमवारी मापं घ्यायला येणार आहेत, उद्या नाही, पुढच्या," नीलिमा टोपली उचलत म्हणाली. "तोवर काय ते ठरवा." टॅन म्हणजे त्यांचा कंत्राटदार.

निशिकांतने ते ठरवायचं पुढे ढकललं, कारण त्या आठवड्यात त्याचा सगळा जीव कोरियात गुंतला होता.

त्याचं असं झालं. सुबोध आणि स्मिता या जोडप्याने वन-नॉर्थजवळच्या आपल्या कॉन्डोत मराठी मंडळींचा एक वाचनकट्टा चालवला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग बटाटेवडे. त्या वर्षी सुबोधने टूम काढली की प्रत्येकाने एकेका देशाचं साहित्य घ्यायचं, आणि भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. निशिकांतचा डोळा रशियावर होता. रशिया गेला विश्वासरावांना, ज्यांनी आयुष्यात शेअर बाजाराच्या पानाशिवाय काही वाचलं नव्हतं. निशिकांतला आला कोरिया. कोरिया म्हणजे त्याच्या लेखी टीव्हीवरच्या रडक्या मालिका, ज्या नीलिमा इस्त्री करता करता खालच्या इंग्रजी ओळी वाचत बघायची.

पण चिठ्ठीत आलं ते आलं. नॅशनल लायब्ररीतून त्याने मिळतील तेवढ्या कोरियन कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरं आणली, आणि तिसऱ्या पुस्तकात तो पुरता वाहून गेला. त्याला सापडलं असं, की या कादंबऱ्यांत धर्म ठायी ठायी आहे, आणि एका घरात तीन-तीन आहेत. सासू बुद्धाच्या देवळात जाते, थोरला मुलगा चर्चमध्ये जातो आणि बापाच्या श्राद्धाला वाकायला नकार देतो, अंगात येणारी बाई मागच्या दाराने येते, आणि या सगळ्यांचा स्वयंपाक एकटी सून करते. निशिकांतने विषय पक्का केला: 'आधुनिक कोरियन कादंबरीतला धर्म'. देव न मानणाऱ्या माणसाने धर्मावर बोलणं यात एक निःपक्षपातीपणा आहे, असंही त्याने सुबोधला फोनवर ऐकवलं.

त्यातल्या एका कादंबरीतल्या प्रसंगाने तर त्याची झोप उडवली. खेड्यातला एक शाळामास्तर, सुधारणेचा भोक्ता. त्याची बायको रोज पहाटे विहिरीचं पहिलं पाणी एका पांढऱ्या वाडग्यात भरून मागच्या अंगणात, सोयाबीन आंबवायच्या रांजणांपाशी ठेवते आणि तिकडच्या प्रार्थनेच्या रीतीने हात चोळत काहीतरी पुटपुटते. ना मूर्ती, ना फूल. नुसतं पाणी. मास्तर तिला हे अडाणी चाळे बंद करायला सांगतो. ती वाडगा रांजणांच्या मागे लपवते. मास्तर तो एके दिवशी शोधून काढतो आणि फोडतो. दुसऱ्या पहाटे ती भात खायचा वाडगा घेऊन जाते. हे वाचताना निशिकांतच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्याने चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, 'आधुनिक कोरियन कादंबरीतला धर्म देवळात नाही, चर्चमध्ये नाही. तो एका बाईच्या ओंजळीत आहे.' वाक्य इतकं छान जमलं होतं की त्याने ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं.

बुधवारी संध्याकाळी त्याने नीलिमाला समोर बसवून रंगीत तालीम केली.

"बघ हं. ती बाई रोज पहाटे पाण्याचा वाडगा घेऊन—"

"रांजणांपाशी ठेवते," नीलिमा म्हणाली. "माहितीये. मालिकांत असतं ते. परवाच होतं."

निशिकांतला हे लागलं. तीन महिने लायब्ररी पालथी घालून आणलेलं ज्ञान इस्त्रीच्या टेबलावर फुकट मिळत होतं. "मालिकेत तो नुसता देखावा असतो," तो म्हणाला. "कादंबरीकार त्यातला अर्थ दाखवतो. ती स्वतःसाठी काहीच मागत नाही. मागते ती नवऱ्याचं आयुष्य, मुलाचं सुख. ज्याने वाडगा फोडला त्याच्यासाठीच ती हात जोडते! आहे की नाही?"

"असं पुस्तकात लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये. पण ते उघड आहे."

"त्या बाईचं नाव काय?" तिने विचारलं.

निशिकांतने पानं उलटली. नाव नव्हतं. सगळे तिला अमक्याची आई म्हणत होते. कोरियात बायकांना मुलाच्या नावानेच हाक मारतात, आणि त्यात केवढी मोठी सामाजिक शोकांतिका आहे, हे त्याने तिला लगेच समजावून सांगितलं, आणि हा मुद्दा भाषणात घ्यायची खूणही केली. नीलिमा उठली आणि तिने कुकर लावला.

शनिवारी चार वाजता सुबोधच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये पंचवीसेक माणसं जमली. एरवी बारा-पंधरा असतात. नीलिमा मागच्या रांगेत चहाच्या थर्मासजवळ बसली होती. आर्या, त्यांची युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी, बापाचा लॅपटॉप सांभाळायला आणि खरं सांगायचं तर वड्यांसाठी आली होती.

निशिकांत उत्तम बोलला. कोणाचं वाईट आपण का सांगावं? चर्चमध्ये जाणारा मुलगा आणि देवळात जाणारी सासू यांच्या भांडणावर लोक खळखळून हसले. विश्वासरावांनी सुद्धा डुलकी काढली नाही. मग तो वाडग्याच्या प्रसंगाशी आला, आणि त्याचा आवाज बदलला.

"हा मास्तर," तो म्हणाला, "स्वतःला आधुनिक म्हणवतो. स्त्री-शिक्षणावर भाषणं देतो. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या श्रद्धेला तो वीतभर जागा देत नाही. तिला रांजणांच्या मागे लपायला लावतो! मित्रहो, ही कसली सुधारणा? हा तर निव्वळ अहंकार आहे."

खोलीत शांतता पसरली. निशिकांतला वाटलं, घाव वर्मी बसला. तो बसला होता हे खरंच. फक्त तिथल्या झाडून सगळ्या बायका दर जानेवारीत हळदीकुंकवाला क्लेमेंटीच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या, आणि नीलिमाने डावीकडचं कपाट उघडून चहाच्या डब्यांवरच्या अन्नपूर्णेला वाहिलेलं हळदीकुंकू प्रत्येकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. बायकांनी पाहिलं म्हणजे नवऱ्यांना माहीत होतं. सुबोधला अचानक खोकला आला. कोणीतरी खुर्ची सरकवली.

"निशिकांत, एक विचारू?" स्मिता म्हणाली. तिचा चेहरा फार साधा होता. "त्या मास्तरला शेवटी कळतं का हो?"

"कधीच नाही!" निशिकांत आनंदाने म्हणाला. "तीच तर गंमत आहे. साऱ्या गावाला कळतं, फक्त त्याला कळत नाही."

यावर जी टाळी पडली ती आजवर कट्ट्यावर कोणाला मिळाली नव्हती. स्मिता हसू दाबायला वड्यांच्या ताटाकडे वळली. मागे नीलिमा मात्र हसत नव्हती. ती चहाचे कप मोजल्यासारखे सरळ रांगेत लावत होती.

भांडी आवरायला नीलिमा स्मिताकडे थांबली. बापलेक एमआरटीने घरी निघाले. सुबोधच्या घराजवळच्या बोना व्हिस्टापासून क्लेमेंटी म्हणजे दोनच स्टेशनं. निशिकांत टाळीच्या नशेत होता.

"कसं झालं गं?"

"गुड, व्हॉट," आर्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "बट बाबा, द स्कूलमास्टर इज यू, ला. एव्हरीबडी ऑल्सो नो."

"म्हणजे?"

"आईचे देव. द टी कबर्ड." तिने खांदे उडवले. "आय थॉट यू वेअर डुइंग इट ऑन पर्पज. लाइक, सेइंग सॉरी."

डोव्हर स्टेशन आलं आणि गेलं. निशिकांतला आधी राग आला, मग हसू आलं, आणि क्लेमेंटीला दारं उघडेपर्यंत त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. शांतता, खोकला, सरकलेली खुर्ची, स्मिताचा साधा चेहरा, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. लाज वाटली, खरीखुरी वाटली. पंचवीस माणसांसमोर आपण आपलीच कानउघाडणी केली आणि त्यावर टाळी घेतली.

पण निशिकांतला कुठलीही भावना फार वेळ तशीच ठेवता येत नसे. तिचं काहीतरी करावं लागे. रात्रीत लाजेचं औदार्य झालं आणि रविवारी सकाळी नाश्त्याला तो कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन बसला.

"तीन फूट कशाला?" तो नीलिमाला म्हणाला. "अख्खी पूर्वेची भिंत घे. हे बघ. मध्यभागी सागवानी देव्हारा, पुढे काच, वरून दोन छोटे दिवे, अगदी मूर्तींवर पडतील असे. दारातून आत आलं की पहिली नजर तिथेच गेली पाहिजे."

"काच?" नीलिमा म्हणाली.

"धूळ बसायला नको ना. आणि खालच्या फळीवर माझ्या कोरियन कादंबऱ्या. म्हणजे एक संगती लागते. वास्तुशांत आपण करत नाही, पण कट्ट्याची मंडळी बोलावू. मी थोडं बोलेन, कोरियन वाडग्यापासून मराठी देव्हाऱ्यापर्यंत. तू हवं तर तेव्हा एक पांढरा वाडगाही ठेव पुढे, पाणी भरून. लोकांना पटकन कळेल."

नीलिमाने कागद हातात घेऊन नीट पाहिला. चित्र सुबक होतं. अन्नपूर्णेच्या जागी त्याने एक छोटासा त्रिकोण काढला होता. "बरं काढलंय," एवढंच ती म्हणाली, आणि कागद त्याला परत दिला. निशिकांतने त्याचा अर्थ होकार असा घेतला. तेवीस वर्षांचं कर्तव्य एका सकाळीत पार पडल्यामुळे त्याला हलकं वाटत होतं, आणि त्याने दुपारी मस्त ताणून दिली.

सोमवारी त्याने अर्धी रजा टाकली. नव्या फ्लॅटमध्ये अजून पंखेही नव्हते. मिस्टर टॅन घाम पुसत टेप उघडून उभे होते. निशिकांतने कागद पुढे केला आणि पूर्वेच्या भिंतीसमोर उभं राहून देव्हाऱ्याची उंची, काचेची जाडी आणि दिव्यांचा कोन समजावून सांगितला. टॅन मान डोलवत लिहून घेत होते. "कॅन, कॅन. व्हेरी नाइस आल्टर. सर व्हेरी रिलिजस, आ?"

"नो, नो," निशिकांत घाईघाईने म्हणाला, आणि ते प्रकरण कसं सांस्कृतिक आहे हे सांगणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की नीलिमा हॉलमध्ये नाही.

ती स्वयंपाकघराजवळच्या शेल्टरमध्ये होती. सिंगापुरातल्या नव्या घरांना अशी एक खोली असतेच. लढाई झालीच तर कुटुंबाने जीव वाचवायला बसायचं म्हणून जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, आणि तिजोरीला शोभेल असं पोलादी दार. लढाई काही होत नाही, म्हणून लोक तिथे रिकाम्या बॅगा आणि तांदळाची पोती ठेवतात. नीलिमा आत उभी राहून हाताच्या वितीने भिंत मोजत होती.

"मिस्टर टॅन," तिने हाक मारली. "माय आल्टर विल बी हिअर. जस्ट वन लो टेबल. धिस हाय."

"हिअर?" टॅन चकित झाले. "मॅडम, शेल्टर वॉल कॅनॉट ड्रिल, आ. गव्हर्न्मेंट रूल."

"नो नीड टू ड्रिल."

निशिकांत दारात येऊन थबकला. "अगं, इथे? बॉम्बपासून लपायच्या खोलीत देव? लोक काय म्हणतील?"

"चहाच्या डब्यांवर होते तेव्हा काय म्हणाले?"

"म्हणूनच तर मी अख्खी भिंत—" त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते तिला दिसावं असंही वाटत होतं. "नीलिमा, माझं चुकलं. मला उशिरा कळलं, पण कळलं. आता समोर, सगळ्यांना दिसेल अशी जागा देतोय ना मी?"

"तुम्ही देताय हो. पण सगळ्यांना दिसायला मी कधी मागितलं होतं?" नीलिमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच निशिकांत जास्त घाबरला. "आधी तुम्हाला लाज वाटायची म्हणून ते कपाटात. आता तुम्हाला कौतुक वाटतंय म्हणून ते काचेत. दोन्ही वेळा तुम्हालाच काय वाटतं ते. भिंत पुस्तकांना ठेवा. मला ही खोली द्या."

टॅन भाषा कळत नसूनही सभ्यपणे हॉलमध्ये निघून गेले आणि एक खिडकी पुन्हा मोजू लागले.

निशिकांत उंबऱ्याशी उभा होता. तिला विचारावं असं कधी सुचलं नव्हतं ते आता त्याला सुचलं. विचारताना त्याच्या मनात पहाटेचं ते अंगण होतं, रांजण होते, आणि ज्याने वाडगा फोडला त्याच्याचसाठी हात जोडणारी बाई होती. "तू रोज काय मागतेस गं त्यांच्याकडे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

नीलिमाने विचार करून उत्तर दिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"पहिली चार-पाच वर्षं तुमचं मन वळू दे म्हणून मागायचे. मग आर्या झाली, तेव्हा तिच्यासाठी थोडं. पुढे मागणं सुटलंच."

"आणि माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही मागत काही." तिने पुन्हा भिंतीला वीत लावली. "मागायलाच जात नाही मी तिथे. दिवसातली तेवढी दहा मिनिटं मला कोणी काही समजावून सांगत नाही. देव गप्प असतात."

तीन महिने ज्या बाईसाठी त्याने डोळे पुसले होते तिच्या पुटपुटण्यात आपलं नाव असणारच, हे निशिकांतने किती सहज धरलं होतं. त्याला हे तिला सांगायचं होतं, फार मनापासून सांगायचं होतं, आणि सांगायची त्याला एकच रीत येत होती.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "कोरियन कादंबरीत जेव्हा ती बाई—"

"हे आतून लागतं का, एवढं बघते," नीलिमा म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी ते जड दार ओढून घेतलं. कडी फिरल्याचा आवाज झाला. निशिकांतने दोनदा हाक मारली, दारावर हात ठेवला, कान लावला. आत काय चाललंय ते बाहेर ऐकू येत नव्हतं.